सत्यनारायणाच्या फोल्डरातले रिले

आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर ‘सत्यनारायण’ नावाचं एक फोल्डर आहे. त्यात पोथी नाही, शिऱ्याचं प्रमाण नाही, पूजेचे फोटोही नाहीत. त्यात रिले आहेत, रेझिस्टर आहेत, ट्रान्सफॉर्मर आहेत, नाना तऱ्हेचे कनेक्टर आहेत. खरे नव्हेत, त्यांच्या आकृत्या. एकेक भाग हातात घेऊन, व्हर्नियरने मोजून, मी स्वतः काढलेल्या.

असं नाव का दिलं ते आधीच सांगून टाकते, कारण पुढे याच नावामुळे माझी चारचौघांत शोभा झाली. लालबागच्या आमच्या घरात एके काळी माणसं सहा आणि कॉम्प्युटर एक होता. माझे दीर बाळाभावजी यांना लोकांच्या लग्नाच्या सीड्या उतरवून ठेवायचा भारी नाद. जागा संपली की समोर दिसेल ते उडवायचे. एकदा त्यांनी माझी तीन महिन्यांची मेहनत उडवली आणि त्या जागी कुणाच्या तरी हळदीचा व्हिडिओ आणून ठेवला. मी भांडले नाही. खोटं कशाला बोलू, भांडले, पण भांडून फाइली परत येत नाहीत. मग मला युक्ती सुचली. आमचं घराणं देवगडकडचं. या घरात उद्या छप्पर पडलं तरी आधी देव्हारा उचलतील आणि मग माणसं. मी सगळं सामान ‘सत्यनारायण’ नावाच्या फोल्डरात टाकलं. त्या दिवसापासून आजपर्यंत त्यातली एक फाइल जागची हललेली नाही. भावजी त्यावरून माउस नेतानासुद्धा जपून न्यायचे.

सासूबाईंना मात्र वास लागला. एक दिवस पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या.

“देवाच्या नावान काय ठेवलंस गो थंय?”

“काम ठेवलंय, आई.”

“कामच मां? मग ऱ्हवांदे. देवाक कामाचो राग येणा नाय.”

एवढं प्रमाणपत्र मला पुरलं.

आता धंद्याबद्दल. मी सर्किटची बोर्डं आखते. टीव्हीचा रिमोट उघडलात तर आत एक हिरवी पट्टी दिसते. तिच्यावर तांब्याच्या बारीक रेघा असतात, आणि त्या रेघा कुणीतरी बसून आखलेल्या असतात. त्या कुणीतरींपैकी मी एक. नातेवाइकांना हे समजावता समजावता माझे केस पिकले. लग्नकार्यात कुणी विचारलं, “सुनंदा, तू नक्की काय करतेस गं?” की मी रिमोटपासून सुरुवात करते, आणि सगळं ऐकून घेऊन समोरची बाई म्हणते, “म्हणजे टीव्ही दुरुस्त करतेस!” हल्ली मी सरळ हो म्हणते. त्यापायी दोन टीव्ही खरंच दुरुस्त करून द्यावे लागले.

आयटीआयमधून ड्राफ्ट्समन होऊन मी परळच्या एका गाळ्यात चिकटले, तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. पारदर्शक फिल्मवर काळी चिकटपट्टी लावून रेघा काढायच्या, दुप्पट मापाच्या, मग फोटो काढून त्या निम्म्या करायच्या. वळण चुकलं की ब्लेडने पट्टी सोलायची. माझ्या उजव्या आंगठ्यावर त्या ब्लेडच्या खुणा अजून आहेत. मग कॉम्प्युटर आले आणि त्यांच्याबरोबर बोर्डं आखायची महागडी सॉफ्टवेअरं आली. ती विकत घ्यायची ऐपत आमच्यापैकी कुणाचीच नव्हती, म्हणून कुणी घेतली नाहीत. वापरली मात्र सगळ्यांनी. एका चोरीच्या सीडीवर आमच्या गाळ्याच्या इमारतीतले दोन मजले वर्षानुवर्षं जगले. मीही जगले. पण पुढे घरून काम सुरू केल्यावर दाराची कडी वाजली की आधी पोलिसच आठवायचे. एकदा सरकारी पाहणीची बाई आली, तर मी धावत जाऊन मॉनिटरवर टॉवेल टाकला. तिने विचारलं, “घरात कॉम्प्युटर आहे का?” मी म्हटलं, “नाही.” टॉवेलखालून निळा उजेड येत होता. तिने माझ्याकडे बघितलं, टॉवेलकडे बघितलं, आणि मुकाट्याने पुढचा प्रश्न विचारला.

त्याच आठवड्यात मी ठरवलं, पुरे झालं. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणा एकाच्या मालकीचं नसलेलं, कुणीही घ्यावं आणि उघडून आत बघावं असं एक सॉफ्टवेअर होतं. ते मी घेतलं. ओळखीच्यांनी नाकं मुरडली. “फुकटचं ते फुकटचंच असतं वहिनी, धंद्याला चालत नाही.” मी म्हणायचे, आमच्या मंडळाच्या महाप्रसादाची पंगतही फुकटच असते, तिथला भात कधी कच्चा लागला का तुम्हाला? यावर कुणाकडे उत्तर नसायचं. माझ्याकडेही पुढचा मुद्दा नसायचा, त्यामुळे बरोबरी व्हायची.

पण या सॉफ्टवेअरची एक खोड समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

बोर्डाच्या आधी सर्किटची आकृती काढतात. कुठला भाग कुठल्या भागाला जोडलाय, ते त्यात दिसतं. या आकृतीत तुम्ही एक रिले ठेवलात, तर जुन्या आवृत्तीत, आणि माझी सगळी कामं तिच्यातलीच, तो रिले काही आकृतीत राहायला येत नसे. आकृतीत फक्त लिहून ठेवलेलं असे, की अमुक डब्यातला तमुक रिले. डबे म्हणजे लायब्ररी. आणि कुठला डबा कॉम्प्युटरच्या कुठल्या फळीवर आहे, त्याची एक वेगळी यादी असे. आकृती उघडली की सॉफ्टवेअर यादी बघणार, फळीपाशी जाणार, डबा उघडणार, रिले आणून दाखवणार. डबा तिथे नसला तर रिलेच्या जागी एक चौकोन येई आणि त्यात दोन प्रश्नचिन्हं.

माझ्या यादीत प्रत्येक डब्यापुढे एकच पत्ता होता. डी ड्राइव्ह, सत्यनारायण. माझ्याच घरात मला पत्ता कशाला हवा, या गुर्मीत मी कधी दुसरा विचार केला नाही. बरं, सॉफ्टवेअर बिचारं शहाणं. अडीनडीला असाव्यात म्हणून वापरलेल्या भागांच्या नकला ते आकृतीशेजारी एका जादा फाइलीत ठेवून द्यायचं. पण फाइली गिऱ्हाइकाला पाठवण्याआधी फोल्डर झाडून घ्यायचं, ही माझी सवय. पाहुण्यांपुढे केर नको. ती जादा फाइल मला केर वाटायची. वीस वर्षं मी ती अगदी मन लावून पुसत आले.

आता डिमेलो अंकल. रे रोडला त्यांचा वजनकाट्यांचा कारखाना आहे. शिवडीच्या गोदामांत, रे रोडच्या वखारींत त्यांचे काटे लागलेले आहेत आणि त्या काट्यांमधली चौदा तऱ्हेची कार्डं, म्हणजे सर्किटची बोर्डंच, मी आखलेली आहेत. अंकल जुन्या मुंबईच्या ख्रिस्ती घराण्यातले, माझगावचे. मराठी त्यांची स्वतःची, आणि आवाज असा की फोनची गरजच पडू नये. आता त्यांचं वय झालं. कारखाना मुलीच्या, लॉर्नाच्या हाती सोपवायचं ठरलं. लॉर्ना माझ्याहून थोडी लहान, इतकी वर्षं तिने ऑफिस सांभाळलेलं. सोपवण्याआधी सगळं कागदोपत्री नीट असावं म्हणून त्यांनी एका एजन्सीला बोलावलं होतं. एजन्सीचा माणूस माझ्या फाइली तपासत होता. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एका सकाळी फोन आला.

“सुनंदा, तुजी कार्डा मेली गो बाय.”

“कुठलं कार्ड, अंकल? जळलं का?”

“एक नाय, चौदा. हा केतन सांगतो, चौदाच्या चौदा मेली. परत काढायला लागतील. संध्याकाळी मी त्याच्या रिपोर्टवर सही करणार हाय. तू येऊन बघून जा, मागून बोलशील अंकलनी सांगितला नाय.”

मेली! माझी कार्डं! मी आमटीखालचा गॅस बंद केला, सत्यनारायण पेन ड्राइव्हवर घेतला आणि घोडपदेवच्या रस्त्याने टॅक्सी करून निघाले. टॅक्सीत मनातल्या मनात तीन भाषणं तयार केली. तिन्हींत माझाच विजय होता.

ऑफिसात एजन्सीचा तो केतन लॅपटॉप घेऊन बसला होता. तिशीचा, सभ्य मुलगा. उठून उभा राहिला, खुर्ची दिली. असल्या माणसावर ओरडता येत नाही, त्यामुळे पहिलं भाषण वाया गेलं. त्याने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. माझ्या सर्किटच्या आकृतीत रेघा होत्या, पण भाग एकही नव्हता. जिथे तिथे चौकोन, आणि चौकोनात दोन दोन प्रश्नचिन्हं. आपल्याच घरच्या लग्नाच्या फोटोत सगळ्यांची तोंडं खोडलेली दिसावीत, तसं झालं मला.

“आणि मॅडम, ही एररची यादी. मला अर्थ नाही लागला.”

लॉर्ना त्याच्या खांद्यावरून वाकली आणि मोठ्याने वाचू लागली. “डी, सत्यनारायण, रिले, सापडत नाही. डी, सत्यनारायण, कनेक्टर, सापडत नाही. डी, सत्यनारायण, ट्रान्सफॉर्मर...” ती थांबली. “सुनंदा, हे काय आहे? पूजा घातली होतीस काय कार्डांची?”

बाहेर काटा जोडणारे दोघं कारागीर हातातलं काम टाकून दारात येऊन उभे राहिले. अंकल हसून हसून खोकायला लागले. मी बाळाभावजींची सगळी गोष्ट सांगितली. दुसरा इलाज नव्हता. केतनही हसला, पण हसणं संपल्यावर त्याने जे म्हटलं ते मला अजून टोचतं.

“मॅडम, बोर्डाचं चित्र उघडतंय. पण सर्किटच नसेल तर त्यात उद्या बदल कसा करायचा? तुमच्या कामाबद्दल मी काही बोलत नाही. पण या फाइली फक्त तुमच्या घरात उघडतात. म्हणजे हा कारखाना तुमच्या घरातल्या एका फोल्डरावर उभा आहे. उद्या तुम्ही नसलात, तर लॉर्ना मॅडमनी काय करायचं? म्हणून म्हणतो, सगळी कार्डं आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्याने काढून घ्या.”

टॅक्सीतलं दुसरं भाषण ‘फुकटच्या सॉफ्टवेअरला नावं ठेवणारे तुम्ही कोण’ असं होतं. तेही गेलं, कारण तो सॉफ्टवेअरला नावं ठेवतच नव्हता. माझ्या मांडणीला ठेवत होता, आणि बरोबर ठेवत होता. संध्याकाळी सही झाली की वीस वर्षांचं काम भंगारात जाणार होतं, आणि कारखान्याच्या कागदोपत्री कायमचं लिहिलं जाणार होतं की सुनंदा परबने आखलेली कार्डं वापरण्याजोगी नव्हती.

तिसरं भाषण छोटं होतं. “कार्डं मेलेली नाहीत. त्यांना घर सापडत नाहीये. तुमचा लॅपटॉप द्या.”

“मॅडम, माझ्या लॅपटॉपला डी ड्राइव्हच नाही.”

“नसू दे. मला डी नको, गाव पाहिजे.”

हे गाव काय, ते सांगते. आमच्या चाळीत कुणाही बाईला विचारा, मोठा पाटा कुठे आहे? ती म्हणणार, गावी. तांब्याचा हंडा? गावी. देवगडवाली म्हणाली तर देवगडला, संगमेश्वरवाली म्हणाली तर संगमेश्वरला. शब्द एकच, पण तो प्रत्येकीला आपापल्या घरी बरोबर नेऊन सोडतो. कुणी पूर्ण पत्ता सांगत बसत नाही. सॉफ्टवेअरमध्ये नेमकी अशीच सोय आहे. एक छोटी खिडकी असते. तिथे आपल्या पसंतीचा एक शब्द लिहायचा आणि या मशीनवर तो शब्द म्हणजे कुठलं फोल्डर, ते दाखवून द्यायचं. मग डब्यांच्या यादीत लांबलचक पत्त्याऐवजी तो शब्द घालायचा. मशीन बदललं की यादीला हात लावायचा नाही, खिडकीतली एक ओळ बदलली की झालं. ही खिडकी मला कित्येक वर्षं माहीत होती. शेजारणीला सांगितलेलं आपण स्वतः करत नाही, त्यातली गत.

मी पेन ड्राइव्हवरचे डबे केतनच्या लॅपटॉपवर उतरवले. खिडकी उघडून इंग्रजी अक्षरांत लिहिलं, GAAV. पुढे फोल्डर दाखवलं. मग डब्यांची यादी उघडली आणि जिथे जिथे डी आणि सत्यनारायण होता तिथे तिथे गाव घातलं. केतन बघत होता.

“मॅडम, याला लोक काहीतरी लायब्ररी, पाथ वगैरे नाव देतात.”

“देऊ देत. माझ्या कार्डांना गाव आहे.”

पहिलं कार्ड उघडलं. प्रश्नचिन्हं गेली आणि रिले, ट्रान्सफॉर्मर, सगळे आपापल्या जागी येऊन बसले. अंकल मोठ्याने मोजायला लागले. “एक. दोन.” लॉर्नाने घरून आणलेले फुगे डब्यातून काढून समोर ठेवले. तळलेले, गोलमटोल, आत पोकळ. पाच कार्डांपर्यंत मी तीन खाल्ले. “बारा. तेरा.” दारातले कारागीरही मोजू लागले. चौदावं उघडलं तेव्हा अंकलनी टेबलावर अशी थाप मारली की स्टेपलर खाली पडला.

केतन प्रामाणिक मुलगा. म्हणाला, “उघडलं सगळं. मी रिपोर्ट बदलतो.”

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. मीही संपवणार होते. पण सवय वाईट असते. जिंकल्याच्या खुशीत मी कार्डं पुन्हा एकदा नुसती डोळ्यांखालून घातली, आणि सहा नंबरच्या कार्डावर माझा घास तोंडातच राहिला.

सहा नंबरचं कार्ड पोती भरायच्या काट्याचं. वर माल असतो, खाली पोतं लावतात, मोटर माल खाली ढकलते. ठरलेलं वजन भरलं की रिले मोटर बंद करतो. रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच, त्याला दोन तऱ्हेचे पाय असतात. एक एरवी जोडलेला असतो आणि रिलेला वीज मिळाली की सुटतो, दुसऱ्याचं बरोबर उलट. हे कार्ड मी आखलं तेव्हाचा रिले पुढे बाजारात मिळेनासा झाला. नवा आला त्याच्या पायांचे आकडे वेगळे. तेव्हा मी काय केलं? नवा डबा करायचा कंटाळा केला. जुन्या रिलेवरच नवा काढला, नाव तेच ठेवलं. ज्या कार्डांना नवा रिले लागला त्यांचं ठीक झालं. सहा नंबरचं मी त्यानंतर कधी उघडलंच नव्हतं. आज उघडलं, तर त्यात नवा रिले येऊन बसला होता. दोन्ही पायांची अदलाबदल झालेली. कुणी उद्या या आकृतीवरून नवं कार्ड केलं असतं, तर मोटर थांबायची तेव्हा सुरू झाली असती. आणि पोत्याच्या तोंडाशी माणसाचा हात असतो.

माझ्याशिवाय हे कुणालाच दिसलेलं नव्हतं. केतन लिहायला बसला होता. अंकल कारागिरांना चहा सांगत होते. मी घरी जाऊन गुपचूप दुरुस्त करून दोन दिवसांनी ‘सुधारित फाइल’ म्हणून पाठवली असती, तर माझी शोभा टळली असती. एक फुगा चावून गिळेपर्यंत तो विचार मी केला, हे कबूल करते.

“थांबा,” मी म्हटलं. “सहा नंबर चुकलंय.”

“सगळं तर उघडलं, मॅडम.”

“उघडलं म्हणजे बरोबर उघडलं असं नाही. प्रश्नचिन्ह परवडलं, ते निदान खरं बोलतं. हा भाग हसतमुख येऊन बसलाय आणि खोटा आहे.”

अंकल वळले. “कोणाची चूक?”

“माझी.”

मग मी कपाटातून सहा नंबरचं जुनं कार्ड मागवलं. त्यावर जुना रिले अजून होता. मीटर लावून कुठला पाय एरवी जोडलेला, कुठला सुटा, ते पुन्हा तपासलं. जुना रिले नव्याने काढला आणि मोठ्या डब्यात न टाकता सहा नंबरच्या स्वतःच्या फोल्डरात ठेवला. यालाही नियम आहे. एखाद्या कामाने स्वतःचा डबा बरोबर आणला असेल, तर सॉफ्टवेअर आधी तो उघडतं आणि मग गावाकडचा. नवऱ्याला मी रोज डबा देते, तरी तो समोरच्या वड्याकडे आधी बघतो. सॉफ्टवेअरचं तसं नाही. सहा नंबर पुन्हा उघडलं. पाय जागेवर होते.

केतनने पेन खाली ठेवलं. “मॅडम, राग मानू नका. पण हेच मी म्हणत होतो. हे तुम्हालाच कळलं. तुम्ही नसता तर?”

आता मात्र माझं डोकं फिरलं. त्याच्यावर नव्हे, स्वतःवर. एवढा वेळ मी सिद्ध करत होते की माझ्या हाताने कार्डं उघडतात. विचारत कोण होतं ते? प्रश्न हा होता की माझ्या हाताशिवाय उघडतात का.

“लॉर्ना, एक कोरा कागद दे. आणि तुझा ऑफिसचा कॉम्प्युटर रिकामा कर.”

“माझा? मला नाही हां हे सर्किट वगैरे समजत.”

“म्हणूनच तुझा.”

केतनच्या लॅपटॉपवरची सुधारलेली कार्डं आणि यादी मी पेन ड्राइव्हवर घेतली, मग कागदावर लिहून काढलं. मराठीत, पाठपोट, एकेक पायरी. आधी सॉफ्टवेअर टाका. मग पेन ड्राइव्हवरचं मोठं फोल्डर अमुक ठिकाणी उतरवा. खिडकी उघडा, गाव लिहा, मोठं फोल्डर निवडा, आत शिरू नका. डब्यांची यादी इथे ठेवा. सहा नंबरचा रिले सहा नंबरच्याच फोल्डरात आहे, तो हलवू नका, का हलवू नका तेही लिहिलं. आकृतीशेजारची जादा फाइल पुसू नका, यावर दोन रेघा मारल्या. तळाशी नाव लिहिलं. सुनंदा परब, ड्राफ्ट्समन, आयटीआय. कागद लॉर्नाच्या हातात दिला आणि बाजूला झाले.

“मी आता बोलणार नाही. हात लावणार नाही. तू आणि कागद.”

“आणि अडलं तर?”

“तर केतनचा रिपोर्ट खरा. अंकल, तुम्ही सही करा.”

अंकल माझ्याकडे बघत राहिले. “सुनंदा, येडी हाय काय तू? एवढा सगळा उघडला ना?”

“मी उघडलं, अंकल. आता तिला उघडू दे.”

लॉर्ना चष्मा लावून बसली. ती प्रत्येक ओळ दोनदा वाचायची, बोट ठेवून, आणि मगच माउस हलवायची. माझ्या आयुष्यात तितका वेळ मी गप्प बसलेले नाही. हात पाठीमागे बांधले. जीभ दाताखाली धरली. उभं राहवेना म्हणून मागे सरकून काहीतरी चौथरा होता त्यावर टेकले.

“सुनंदा,” अंकल हळूच म्हणाले, म्हणजे त्यांच्या मानाने हळूच, “उतर तिथून. आकडा दिसते.”

मी तयार काट्यावर बसले होते. भिंतीवरच्या लाल अक्षरांत माझं वजन झळकत होतं, ग्रॅमपर्यंत. कार्ड माझंच, नऊ नंबरचं. अचूक काम करत होतं.

तेवढ्यात लॉर्ना ओरडली, “आली! आली प्रश्नचिन्हं!” मी उतरून तिच्या मागे गेले. पहिल्या कार्डात रिले दिसत होता, बाकी सगळीकडे चौकोन. काय झालंय ते मला एका नजरेत कळलं. तिने गाव म्हणून मोठं फोल्डर दाखवायचं सोडून त्याच्या आतलं रिलेचं फोल्डर दाखवलं होतं. चार शब्दांचं काम होतं. ते चार शब्द घशापर्यंत आले. केतन माझ्याकडे बघत होता. अंकल माझ्याकडे बघत होते. लॉर्नाही मान वळवून माझ्याकडे बघायला लागली.

मी खिडकीबाहेर बघितलं. समोर वखारीतली माणसं लाकडाचे ओंडके रचत होती. मी ते ओंडके मोजले. मी आखलेल्या रेघांची मला कधी एवढी भीती वाटली नव्हती, जेवढी त्या एका पाठपोट कागदाची वाटत होती. सोपं लिहिलं होतं का मी? की माझ्यापुरतं सोपं?

मागे कागद उलटल्याचा आवाज आला. लॉर्ना पुटपुटत होती. “खिडकी उघडा... गाव लिहा... मोठं फोल्डर निवडा. आत शिरू नका.” आणि मग, “अरे देवा, शिरले ना मी आत!”

माउसचा आवाज आला. मग अंकलनी मोजायला सुरुवात केली, या वेळी सावकाश, प्रार्थनेच्या सुरात. सहा नंबरला लॉर्ना स्वतःहून थांबली. कागदावर बोट ठेवून म्हणाली, “याचा रिले याच्याच फोल्डरात आहे ना ते बघते आधी.” बघितला. पाय जागेवर होते. चौदा झाली तेव्हा टेबलावर थाप पडली नाही. अंकल नुसते खुर्चीत मागे टेकले.

“मग आता तुना कशाला बोलवायचा?” त्यांनी मला विचारलं. चेष्टेत विचारलं, पण मला लागलं. वीस वर्षं या कारखान्यात माझ्यावाचून अडत होतं. एका दुपारीत मी ते स्वतःच्या हाताने मोडून ठेवलं होतं.

“नका बोलवू,” मी म्हटलं. “अडलं म्हणून तर मुळीच नका बोलवू. नवं कार्ड काढायचं असेल तर बोलवा.”

लॉर्ना म्हणाली, “पंधरावं आहे ना. शिवडीच्या त्या गोदामवाल्याचं. ते कोण काढणार मग?” आणि बापाकडे न बघता माझ्याकडे बघत राहिली.

केतनने जुना रिपोर्ट फाडला नाही, असल्या गोष्टी नाटकात होतात. त्याने फाइल बंद केली आणि म्हणाला की तो नवा लिहील. मी पर्स उचलली, तेव्हा तो जरा घुटमळला.

“मॅडम, त्या कागदाचा फोटो काढू का? आमच्या ऑफिसात एवढं सरळ कुणी लिहीत नाही.”

“काढा की.”

त्याने कागद टेबलावर सपाट केला, मोबाईल वर धरला. मी बाजूने बघत होते. पायऱ्या सगळ्या नीट येत होत्या, फक्त शेवटची, नावाची ओळ चौकटीबाहेर राहत होती. मी त्याचं मनगट धरलं आणि मोबाईल बोटभर खाली केला.

“आता काढा,” म्हटलं.